बत्तीस विहिरींवरची नावं

छपाईआधीच्या मुद्रितावरची नावं वाचली आणि कॉलेजचे मुद्रितशोधक तेओफिल हांगान यांचं डोकं फिरलं.

निबंध होता बर्लाद शहराच्या आसपासच्या बत्तीस विहिरींतल्या पाण्याचा. दुसऱ्या वर्षाची रुक्सांद्रा सोळा महिने सायकलवर बाटल्या लादून खेडोपाडी हिंडली होती. आणि विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या वार्षिक अंकात लेखक म्हणून आधी डीन, मग विभागप्रमुख, मग डीनची बायको, आणि शेवटी ही पोर!

"डीनच्या या बाईसाहेब तर फ्रेंच शिकवतात," ते समोर बसलेल्या रुक्सांद्रावर कडाडले. "कधी विहिरीत डोकावून तरी पाहिलंय का त्यांनी?"

"नावं मीच घातलीत, सर. सगळेच घालतात. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाला छापील लेखाचे गुण मिळतात. शिफारसपत्रही डीनसाहेबच देणार."

"म्हणजे चोराच्या हातात किल्ली तूच दिलीस! मी सही करणार नाही."

शेवटच्या मुद्रितावर 'छापण्यास योग्य' असं लिहून तेओफिलनी सही केल्याशिवाय छापखाना अंकाला हात लावत नसे.

रुक्सांद्रा ताडकन उठली. "नका करू! अंक अडू दे, माझं वर्ष जाऊ दे. वीस वर्षं असल्याच अंकांवर सह्या केल्यात ना? तेव्हा कुठे गेला होता हा राग? आज माझ्याच जिवावर शूर व्हायचंय होय?"

तेओफिलना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पोरीचं एक अक्षर खोटं नव्हतं.

"स्वल्पविराम तेवढे दुरुस्त करत बसलो मी," ते पुटपुटले. लाल पेन त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. "तू म्हणशील तसं. आहे तसं ठेव म्हणालीस, तर आहे तशावर सही करतो."

तिनं पेन उचललं. फ्रेंचच्या बाई खोडताना कागद फाटला. विभागप्रमुखही गेले. डीनच्या नावाशी मात्र हात अडला.

"शिफारसपत्र देतील का हो, सर?"

"नाही देणार. खोटं कशाला सांगू?"

तिनं दातओठ खात एक कचकचीत शिवी हासडली आणि ते नाव खोडलं. मग स्वतःच्या नावाखाली लिहिलं, 'साहाय्य: पेत्राके लुंगू'.

"हा कोण?"

"प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो. पाणी तपासायचा मीटर दोनदा बंद पडला, यानंच दुरुस्त केला. इतकी वर्षं इथे आहात, नावही ठाऊक नाही तुम्हाला?"

तेओफिलनी मान खाली घातली, सही ठोकली आणि टोपी उचलली.

"चल, छापखान्यात मीच नेऊन देतो. डीनला आत्ता कळलं तर दारातच अडवेल."