वरण कळकलं

माझ्या जिभेवर सुलतानपुरात अपील चालत नाही, असं मीच सगळ्यांना सांगायचो. पंचवीस वर्षं लग्नांचा स्वयंपाक करतोय. उकंडराव आचारी मीठ बरोबर म्हणाला की बरोबर.

त्या दिवशी पंजाबरावांच्या मुलीचं लग्न होतं. सहाशे पान. वरण गावच्या जुन्या पितळी गंजांतच शिजलं पाहिजे, हा पंजाबरावांचा हट्ट. आदल्या दिवशी जहांगीरभाईंनी दोन्ही गंजांना कल्हई केली होती. आमच्या भागात हे काम करणारे ते एकटेच उरलेत. भाता मारत, नवसागराचा धूर खात त्यांनी गंज असे चकचकवले, की मी आत वाकून मिशी सारखी केली.

अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि मी चिंच घातलेल्या वरणाची पळी तोंडाला लावली.

थुंकलोच. लोखंड चाटल्यासारखी चव, आणि पोटात ढवळून आलं. कल्हई कच्ची राहिली की पितळेत आंबट पदार्थ कळकतो, आणि कळकलेलं खाल्लं की माणसं ओकायला लागतात. इथं सहाशे माणसं, त्यात लेकरं, म्हातारे. मी घाबरलो. आणि मी घाबरलो की माझं तोंड कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

"वाढू नका रे, वरण कळकलं," मी ओरडलो.

पंजाबराव धावत आले. जेवायला आलेले जहांगीरभाईही पाठोपाठ आले.

"सांडून द्या दोन्ही गंज," मी म्हणालो. "या मानसानं कल्हई नाही केली, चुना लावला चुना."

एका पाहुण्याचे गंज जहांगीरभाईंकडे कल्हईला पडले होते. त्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं, "जहांगीरभाई, आमचे गंज तसेच परत आणून देजा." जहांगीरभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वाटीभर वरण काढून घेतलं, फुंकर मारली आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकलं.

"चांगलं हाय."

"तुमाले चांगलंच वाटन."

पंजाबरावांनीही चाखलं. "मले बी काही वाटून नाही राह्यलं, उकंडराव."

"तुमाले काय कळते?" यजमानालाही मी सोडलं नाही. तिकडे पंगत बसली होती, वाढपी रिकाम्या बादल्या घेऊन माझ्याकडे पाहत होते. ती चव जावी म्हणून मी माठातलं पाणी घेऊन चूळ भरली.

"हे बी कळकलं," मी म्हणालो.

जहांगीरभाईंनी माठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उकंडभाऊ," ते अगदी हळू म्हणाले, "माठाले कल्हई कोन केली?"

मातीचा माठ. मी पुन्हा एक चूळ भरून पाहिली. तीच चव.

बेबीताई, आमच्या गावची आशा सेविका, पुढे आली. माझ्या खिशातून गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं. "ह्या काऊन घेऊन राह्यले, भाऊ?"

"सर्दी होती. नाक बंद असलं तर फोडणी कशी कळन? मेडिकलवाला म्हने, रोज एक घ्या, जेवल्यावर."

"अन् तुमी?"

"सकाळपासून तीन. उपाशीपोटी." पंगत उठेपर्यंत चाखण्यापलीकडे अन्नाला शिवायचं नाही हा माझा नेम, आणि त्याचा मला भारी गर्व.

तिनं कपाळावर हात मारला. "झिंक हाय हे. हगवण लागलेल्या लेकराइले देतो आमी. त्यानं तोंड लोखंडावानी होते, मळमळते, कोनी ओकते बी. तुमी तर रिकाम्या पोटी तीन गिळल्या. आता बंद करा, अन् डॉक्टरले दाखवा."

"झिंक म्हंजे जस्तच ना?" जहांगीरभाईंचं आयुष्य धातूंत गेलेलं. "पितळात तांबं अन् जस्तच असते. तुमची जीभ खरं बोलली, उकंडभाऊ. घर तेवढं चुकलं तिचं."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते हसले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगलाष्टकांचा माइक अजून चालूच होता. मी तो उचलला. "वरण चांगलं हाय. कल्हई पक्की हाय. माहं तोंडच कळकलं होतं. जहांगीरभाईले मी चारचौघात बोललो, म्हनून माफी बी चारचौघात मागतो."

सगळा मांडव हसला. मी स्वतः बादली उचलली, जहांगीरभाईंना पहिल्या रांगेत बसवलं आणि पहिली पळी त्यांच्या पानात वाढली. तो पाहुणा शेजारीच बसला होता. दोन घास खाऊन तो म्हणाला, "भाई, राहू द्या आमचे गंज तुमच्याकडंच. असेच चमकवून देजा."

दोन्ही गंज तळाला गेले. उकंडरावानं तसं वरण पुन्हा कधी केलं नाही, असं लोक अजून म्हणतात. असेल. गावातल्या सहाशे जणांना त्याची चव ठाऊक आहे, फक्त मला नाही.