डाव्या टोकावरचा दोरा

मी विमानाचा लाकडी नमुना बोलतोय. लांबी जेमतेम दोन हात. आकाश मी कधी पाहिले नाही. वाऱ्याच्या बंदिस्त बोगद्यात मला पोलादी दांड्यावर घट्ट बसवीत आणि माझ्याऐवजी वाराच धावे. त्या वाऱ्यात माझे पंख कसे वागतात, हे पाहून खऱ्या विमानाचे रूप ठरे.

मला प्रयोगशाळेतल्या मिस्त्रींनी घडवले. मापे यंत्राने घेतली, तरी शेवटचा निकाल त्यांच्या नखाचा. माझ्या अंगावरून फिरवलेले नख कुठे अडले नाही, तरच काम पुरे.

"लोण्यासारखा झालाय बघ," ते धाकट्या बहिणीला म्हणाले. ती त्याच प्रयोगशाळेत माझ्या पंखांवर लोकरीचे दोरे चिकटवी. सगळे तिला ताई म्हणत. वारा पंखाला धरून वाहिला, की दोरे निमूट पडून राहत. पंखापासून सुटला, की थरथरत.

त्या स्तुतीने मी फुगलो. त्याच गुळगुळीतपणापायी शेवटच्या चाचणीच्या आदल्या दुपारी मी मिस्त्रींच्या हातांतून निसटलो. डाव्या पंखाचे टोक उडाले. त्यांच्या निवृत्तीला चारच दिवस उरले होते. कुणी पाहत नाही ना, याची त्यांनी खात्री केली, टोकाला पुट्टी भरली, रंग दिला. त्या दिवशी नख मात्र फिरवले नाही.

चाचणीत सत्तेचाळीस दोरे शांत राहिले. डाव्या टोकावरचा एकटाच नाचू लागला.

"ताई, दोरा सैल लागलाय," मुख्य अभियंता म्हणाले.

तिने तो पुन्हा चिकटवला. तो पुन्हा नाचला.

"चष्मा बदला, नाहीतर काम बदला."

तिसऱ्या खेपेला तिचा अंगठा पुट्टीच्या सांध्यावर थांबला. तिने काचेपलीकडे उभ्या भावाकडे पाहिले.

"माझाच हात हलला असेल, साहेब."

मिस्त्री हातातले फडके पिळत राहिले. मी तर लाकूडच.

तो दोरा अहवालातून वगळला गेला. ताईची बदली भांडारात झाली.

मला पेटीत ठेवताना मिस्त्रींनी विचारले, "तू बोलली का नाहीस?"

"चारच दिवस राहिले होते ना, दादा. आणि सांगायचं कुणी होतं?"

त्यांच्या निरोपसमारंभात तिनेही टाळ्या वाजवल्या.

पुढे मला दर्शनी दालनातल्या काचेच्या कपाटात मांडले. दोन वर्षांनी मिस्त्री आले. त्यांनी मुख्य अभियंत्यांना बोलावून कपाट उघडवले.

"इथं नख फिरवा, साहेब."

साहेबांचे नख अडले. त्यांनी ते पुन्हा फिरवून पाहिले.

"आता काय उपयोग, मिस्त्री? ताई गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. भांडारातूनच."

"उपयोग नाही. पण तिच्या नोकरीच्या कागदावर तेवढं लिहा, चूक तिची नव्हती."

"बघतो," साहेब म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावले.

पुट्टी आता आकसली आहे. बारीक भेग दिसते. पाहणाऱ्यांना ती वयाची खूण वाटते. तुम्ही आलात, तर तिथे क्षणभर थांबा. तो दोरा खरेच सांगत होता. आणि तो चिकटवणारा हात एकदाही हलला नव्हता.