संदलीवरचा पैलवान

मित्रांनो, अंगणाच्या कोपऱ्यात, खुराड्याशेजारी एक बुटकं चौकोनी लाकूडकाम पडलंय, ज्याच्यावर दुपारच्या वेळी कोंबड्या चढून बसतात, ते म्हणजे मी. मला संदली म्हणतात. बसायच्या चौरंगापेक्षा मी मोठी आणि जेवायच्या टेबलापेक्षा ठेंगणी. आता माझा एक पाय डुगडुगतो आणि रंग तर कधीच गेला, पण एके काळी या घरात माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

उस्ता रजब नावाच्या सुतारानं मला तुतीच्या लाकडातून घडवलं. सनवबर नावाच्या नव्या नवरीबरोबर मी या घरात आले. आज तिला सगळे बीबी म्हणतात, म्हणजे आजी. माझं काम साधं होतं. जमिनीत हातभर खड्डा, खड्ड्यात निखारे, निखाऱ्यांवर राख, त्यावर मी आणि माझ्यावर घरातली सगळ्यात मोठी रजई. रजईची कड मांडीवर ओढून पाय आत सोडले की झालं. आमच्या पंजकेंत शहराकडच्या डोंगराळ खेड्यांत हिवाळ्यात वीज सकाळी थोडी येते, संध्याकाळी थोडी येते. मधला सगळा वेळ माझा.

माझ्याभोवती किती चहा प्यायले गेले, किती लग्नं ठरली, किती जणांनी पाढे घोकले, याला गणती नाही. बीबीचा थोरला मुलगा सातव्या महिन्यात जन्मला. इवलासा जीव, रडायचीही ताकद नव्हती. बीबीनं त्याला कापसात गुंडाळलं आणि रजईखाली माझ्या फळ्यांवर चाळीस दिवस ठेवलं. तो जगला. आता तो चांगला मिशाळ बाप्या आहे आणि बायकोबरोबर कामासाठी रशियात असतो. तेव्हापासून बीबी येईल त्याला सांगायची, “ऊब कशी खालून यायला हवी. वरून येते ती नुसती हवा.” हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लाकडाला कुठलं आलंय मांस, पण चढायचं खरं.

त्याच मुलाची मुलगी मेहरांगेझ. आईवडील परदेशी, म्हणून ती आजीजवळ वाढली. अकरा वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. तिच्या शाळेत एका खोलीत मुलांनी प्राणी पाळले होते. एक कासव, दोन ससे आणि एक आफ्रिकेकडची भलीमोठी गोगलगाय. हिवाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, चूल बंद. मग प्राणी मुलांच्या घरी वाटून देत. गोगलगायीसाठी मेहरांगेझ दोन वर्षं शाळेतल्या फरोगतबाईंच्या मागे लागली होती. बाई दर वेळी म्हणायच्या, “तू विसरभोळी आहेस गं.” त्या वर्षी अखेर त्यांनी तिच्यावर भरवसा टाकला. काचेची पेटी, तळाला वीतभर माती आणि मातीवर तो. तो म्हणजे पैलवान. शाळेतल्या मुलांनीच ठेवलेलं नाव.

बीबीनं पेटीत वाकून बघितलं आणि नाक मुरडलं. “अगं, सशाला कुणी नेलं? निदान मऊ तरी लागतो हाताला.”

“बीबी, हा माझ्या मुठीपेक्षा मोठा आहे. आणि चावत नाही.”

“चावायला आधी इथवर पोचायला हवा ना. तोवर उन्हाळा येईल.”

पेटीवर फरोगतबाईंची चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘उबेत ठेवणे. माती ओली ठेवणे. गाजर, भोपळा, अंड्याच्या टरफलाची पूड देणे.’ मेहरांगेझला ती एका दिवसात तोंडपाठ झाली. सुट्टी संपेल तेव्हा बाईंच्या हातात पैलवान जिवंत द्यायचा, बस. दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. विसरभोळी म्हणवून घ्यायचं नव्हतं तिला.

पहिले काही दिवस पेटी खिडकीजवळच्या फळीवर होती. मग मोठी थंडी सुरू झाली. चिल्ला म्हणतो आम्ही तिला, चाळीस दिवसांची असते. एका सकाळी मेहरांगेझ बघते तर पैलवान शंखात पार आत गेलेला आणि शंखाच्या तोंडावर पांढरा, कागदासारखा पडदा.

“बीबी, हा मेला,” ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

बीबीनं शंख उचलून कानाला लावला. का, ते तिलाच ठाऊक. “मेला कसला. गारठलाय. तुझा बाप याच्यापेक्षा गार होता. आण इकडे.” आणि पेटी माझ्यावर आली. वरून रजई.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा फाटला. आधी एक शिंग बाहेर आलं, मग दुसरं, मग हळूहळू तो सबंध बाहेर आला आणि गाजराच्या चकतीवर त्याची जीभ खरखर वाजायला लागली. मेहरांगेझनं बीबीला मिठीच मारली. शेजारच्या रुझिगुल मावशी खास बघायला आल्या आणि म्हणाल्या, “आमच्या घरच्यांना पण दोन दिवस ठेवा हो या संदलीवर. नाश्त्याला हाक मारली तर दुपारी उठतात.” सगळ्या हसल्या. बीबीनं माझ्या कडेवर थाप मारली. मित्रांनो, त्या थापेनं मी अगदी हुरळून गेले.

पुढे थंडी वाढली. बीबी रोज एक फावडं निखारे जास्त टाकायला लागली. पैलवानाला कमी पडू नये म्हणून पेटीच्या चारही बाजूंनी रजई दाबून घ्यायला लागली.

आधी तो काचेवर चढला. पार वरपर्यंत, झाकणाच्या कापडाला डोकं लावून तो दुपारभर तिथंच चिकटून राहायचा. मेहरांगेझ म्हणायची, “बघ बीबी, कसरत करतोय पैलवान.” संध्याकाळी ती त्याला हळूच सोडवून खाली मातीवर ठेवायची, वर कापड नीट बसवायची आणि रजई ओढायची. तो परत चढायचा, ती परत खाली ठेवायची. असं तीन दिवस चाललं.

मग त्यानं चढणं सोडलं आणि माती उकरायला लागला. एका दिवसात शंखासकट आत गेला.

“झोपला वाटतं,” मेहरांगेझ म्हणाली.

“झोपेल नाही तर काय. उबेला चिकटून झोपलाय शहाणा. माणसासारखं कळतं त्याला.” बीबी किती कौतुकानं बोलली. मेहरांगेझनं रजईवरून पेटीला थोपटलं.

मला मात्र तो जाणवत होता. काचेच्या तळाला त्याचा शंख घासायचा, ते माझ्या फळीला कळायचं. इकडे घासायचा, थांबायचा, तिकडे घासायचा. चारही कोपरे त्यानं धुंडाळले. दुसऱ्या दिवशी ते घासणं मंद झालं आणि तिसऱ्या दिवशी थांबलं.

गाजर तसंच्या तसं वाळलेलं बघून चौथ्या सकाळी मेहरांगेझनं पेटीत हात घातला. शंख वर आला तो हलका लागला आणि त्याला वास येत होता. तिनं तो बाजूला ठेवला आणि हात पुन्हा मातीत, अगदी तळापर्यंत घातला. हात झटकन बाहेर आला.

“बीबी, खाली चटका बसतोय.”

बीबीनंही हात घालून पाहिला. मग शंख फडक्यात गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाली, “बाईंना सांग, थंडीनं गेला. एवढ्या चिल्ल्यात माणसं जातात. कोण विचारतंय.”

“पण थंडीनं नाही गेला ना.”

“नाही गेला,” बीबी म्हणाली. पदरानं तिनं डोळे पुसले आणि धुराला बोल लावला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी फरोगतबाई पेटी न्यायला स्वतः आल्या. चहा झाला, रोटी तोडून झाली. मेहरांगेझनं रिकामी पेटी पुढे ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. पडद्यापासून चटक्यापर्यंत, काही वगळलं नाही. बाई ऐकत होत्या. त्यांचे पाय माझ्या रजईत होते.

“तो पडदा म्हणजे मरण नव्हे गं,” शेवटी त्या म्हणाल्या. “गार पडलं की तो दार लावून झोपतो. पेटी जरा आतल्या भिंतीला ठेवली असती तर कदाचित वसंतातल्या नवरोजपर्यंत झोपला असता. आणि उठवलं, तर ऊब एका बाजूनं द्यायची. दुसरी बाजू गार ठेवायची. त्याला जिथं बरं वाटतं तिथं तो सरकतो. फार उकडलं की तो खाली जातो. आफ्रिकेत खाली माती गार असते.”

“आणि आम्ही खाली निखारे घातले,” बीबी म्हणाली. “माझं चुकलं, बाई. पोरीला बोलू नका.”

“चूक माझी. मी नुसतं ‘उबेत ठेवणे’ लिहिलं. कुठून, ते लिहिलं नाही. संदलीवर वाढलेल्या पोरीला दुसरी कुठली ऊब ठाऊक असणार?”

मेहरांगेझ म्हणाली, “मी त्याला तीनदा वरून काढून खाली ठेवलं.” एवढं बोलून तिनं रजईतून पाय बाहेर काढले आणि पोटाशी घेऊन बसली.

त्या हिवाळ्यात तिनं माझ्या रजईत पुन्हा पाय घातला नाही. बीबी विनवून थकली. पोरगी दाराजवळच्या गार भिंतीला टेकून अभ्यास करायची, बोटं निळी पडायची आणि ती त्यांच्यावर फुंकर घालत बसायची. मी तिथंच होते, चांगली धगधगीत. पण काय उपयोग? दोन-तीन वर्षांनी रशियातून शेगडी आली, खड्डा बुजवला आणि मी अंगणात आले. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही असा जीव तुमच्या हाती आला तर त्याला ऊब जरूर द्या, पण एक बाजू गार ठेवा. तो सरकला तर त्याला परत उबेत आणून ठेवू नका. तो कुठं चाललाय ते आधी बघा.

बीबी म्हणाली चूक तिची, बाई म्हणाल्या त्यांची, मेहरांगेझ म्हणाली तिची. मला कुणी विचारलं नाही, कारण लाकूड बोलत नाही. पण खरं सांगू? तो तळाशी येऊन शंख घासायला लागला तेव्हा मला काही ओरडावंसं वाटलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तो माझ्याचसाठी खाली आलाय.