माझी चकती, त्याच्या शेंड्यावर

मित्रांनो, चकली खाताना तिचे काटे जिभेला टोचतात ना? ते काटे पाडण्याचे काम माझे. मी एक जुना पितळी सोऱ्या आहे. दिसायला अगदी साधा. एक नळकांडे, आत पीठ दाबणारा दट्ट्या, वर फिरवायची मूठ आणि खाली बसवायच्या चकत्या. एका चकतीला शेवेची बारीक भोके आहेत, दुसरीला जाड शेवेची, तिसरीला पट्टीसारखी फट. आणखी एक आहे, तिच्या मध्यभागी चांदणीच्या आकाराचे भोक आहे. ती चकलीची. बाकीच्या नसल्या तरी माझे निभते. ती नसली तर मी नुसती पितळेची नळी.

तांबे आणि जस्त एकत्र वितळवले की पितळ होते. ते साच्यात ओतून, निववून, लेथवर कातून मला घडवले. माझ्या दांड्यावरचे आटे नेमके कापलेले आहेत. मूठ फिरली की दट्ट्या सगळीकडून सारखा खाली सरकतो, म्हणून माझ्या चकलीचा वेढा कुठे जाड, कुठे बारीक होत नाही.

रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून मला साळवेबाईंनी घेतले. त्या इस्पितळात परिचारिका होत्या. दुकानदाराने आधी अॅल्युमिनियमचा सोऱ्या पुढे केला. बाईंनी तो हातात तोलला आणि म्हणाल्या, "भाजणी घट्ट झाली की हा वाकेल. तो मागचा दाखवा." मागचा म्हणजे मी. माझे पहिले कौतुक ते. त्यानंतर माझ्याआधी दुसऱ्या कुणाचे नाव निघाले की मला चैन पडत नाही.

साळवे कुटुंब ख्रिस्ती. त्यांच्या घरी फराळ होतो तो नाताळाला. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, आणि मानाची चकली. दिवाळीत मी शेजारीपाजारी उसना जायचो. प्रत्येक घरी माझी वाट पाहिली जायची आणि मी परत यायचो तेव्हा माझ्याबरोबर एक भरलेले ताट यायचे. डिसेंबरात तेच ताट आमच्या घरचा फराळ घेऊन उलट जायचे. रिकामे ताट कधी कुणी परत केले नाही. वर्षातून दोनदा सण मिळणारे दुसरे भांडे त्या स्वयंपाकघरात नव्हते. पुरणयंत्र माझ्यावर जळायचे. मला ते आवडायचे.

मग काळ बदलला. साळवेबाईंचा मुलगा अभिनव संगणकाचे शिकला आणि खराडीच्या एका कंपनीत लागला. त्याची बायको अपेक्षाही तशाच नोकरीत. त्यांनी घर घेतले वारज्याला, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. दोघेही सकाळी निघत आणि दिवे लागल्यावर परत येत. साळवेबाई मुलीकडे नगरला गेल्या, आणि जाताना मला अपेक्षाच्या हाती देऊन गेल्या.

या घरात दोन मुले होती. रूथ दुसरीत होती आणि सोनू बालवर्गात. दुपारी शाळेच्या रिक्षातून उतरली की ती समोरच्या दारात शिरत. तिथे मुक्ताकाकू राहत. मुले त्यांना मुक्ताआजी म्हणत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलायला तिखट. त्या मुलांना मेतकूट भात घालत, पाढे म्हणून घेत आणि संध्याकाळी आईच्या ताब्यात देत. याचे पैसे विचारायची हिंमत अपेक्षाने एकदाच केली होती. काकू म्हणाल्या होत्या, "दे की. पण मग पावती फाडीन, आणि उशीर झाला तर दंड घेईन." पुन्हा विषय निघाला नाही. काकूंच्या दारामुळे अपेक्षाची नोकरी चालली होती, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होते.

त्या वर्षी डिसेंबरातल्या एका शनिवारी अपेक्षाने मला माळ्यावरून उतरवले. मोबाइल खांद्याला दाबून ती ऑफिसशी बोलत होती आणि हाताने मला चिंचेने घासत होती. मग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने मला आणि माझ्या चकत्यांना वाळत ठेवले. मी लखलखत होतो. माझा महिना सुरू झाला होता.

तेवढ्यात अभिनव एक लांबट खोका घेऊन आत आला. "पोरांनो, बाबाला बोनस मिळाला!"

खोक्यातून झाड निघाले. प्लास्टिकचे, परदेशातून आलेले. त्याच्या फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या उघडत होत्या. त्याला ना वास होता, ना मूळ. काम म्हणाल तर नुसते उभे राहायचे. रूथने धावत जाऊन त्याला मिठी मारली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी मिठी मारली नव्हती. पीठ दाबून दाबून माझी मूठ झिजली, आणि याने घरात पाऊल ठेवल्याबरोबर मिठी! त्याला दिव्यांची माळ घातली, कापसाचा बर्फ घातला, रंगीत गोळे लावले. त्या दुपारी टेबलाकडे एकदाही कुणी पाहिले नाही. मला इतका हेवा वाटला की माझ्या पितळेवर पुन्हा डाग चढतील असे वाटले.

झाडाबरोबर शेंड्यावर लावायची एक सोनेरी चांदणीही आली होती. ती सोफ्यावर ठेवली होती. सोनू त्याच सोफ्यावर धपकन बसला. कट् असा आवाज झाला. त्याने खालून तीन तुकडे काढले, इकडेतिकडे पाहिले आणि ते सोफ्याखाली सरकवले. आईबाबा आत होते, रूथ गोळ्यांना दोरे बांधत होती. सोनूचे डोळे भरून आले. मग त्याची नजर फिरत फिरत माझ्या टेबलावर आली.

सगळ्या चकत्यांमधून त्याने बरोबर चांदणीची चकती उचलली. चॉकलेटचा चंदेरी कागद तिला गुंडाळला, खुर्चीवर चढला आणि झाडाचा टोकदार शेंडा तिच्या भोकातून आरपार घातला. माझी चकती त्या झाडाच्या डोक्यावर जाऊन बसली.

"खोक्यावरच्या चित्रात चांदणी आहे," अभिनव बाहेर येऊन म्हणाला. "ही गोल कशी?"

"चंद्र आहे," सोनू घाईघाईने म्हणाला.

"चंद्र! ए, किती गोड," अपेक्षा म्हणाली. "असू दे, असू दे. फोटो काढ रे."

फोटो निघाला. माझाच अवयव, माझेच काम करणारा, आणि कौतुक मात्र झाडाचे. अपेक्षाने उरलेल्या चकत्या न बघताच माझ्या पोटात भरल्या आणि मला ओट्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिने चकलीची भाजणी भिजवली. कडकडीत मोहन घातले, तीळ-ओवा घातला, पीठ मळून गोळा झाकून ठेवला, कढईत तेल ओतले. मग मला उघडले.

"अभि, चकलीची चकती कुठाय?"

"दिवाळीत काकूंनी नेला होता ना सोऱ्या? तिकडेच राहिली असेल."

"हं. असेल," अपेक्षा म्हणाली. आदल्या दिवशी तिने स्वतःच ती चकती घासली होती. पण हात घासत होते आणि कान ऑफिसात होते, त्यामुळे तिला काहीच आठवेना. सोनू गॅलरीत खेळत होता. त्याला कुणी विचारले नाही. अपेक्षाने गॅस बंद केला, मला हातात घेतले आणि समोरचे दार वाजवले.

"काकू, दिवाळीत हा नेला होतात ना, त्याची चकलीची चकती चुकून इकडे राहिली का?"

"चुकून?" काकूंनी चष्मा वर केला. "मी हा धुऊन, पुसून, चकत्या आत घालून दिला होता. वर ताटभर चकल्या. त्या मात्र चुकून परत आल्या नाहीत."

"तसं नाही हो. एकदा बघता का? भांड्यांत मिसळली असेल. आमच्याकडे तर नाहीच आहे."

"तुमच्याकडे नाहीच आहे." काकूंचा आवाज एकदम शांत झाला. त्या आत गेल्या, भांड्यांचा खण काढून घेऊन आल्या आणि दारातच जमिनीवर पालथा केला. झारे, चमचे, सांडशी, किसणी, सगळे खणखणत पडले. "बघा. आमचं काय, तुमचं काय, वेगळं करून घ्या."

"काकू, तुम्ही उगाच मनाला लावून…"

"मी सगळं उगाचच करते. पोरांना उगाच जेवू घालते, उगाच झोपवते. उद्यापासून तुमची पोरं तुम्हीच बघा. ज्या घरात वस्तू गडप होतात तिथं लेकरं कशाला ठेवायची?"

काकू अपेक्षाला आजवर 'अगं, अपू' म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी ती 'तुम्ही' झाली. दार लागले. मला ओरडून सांगायचे होते, झाडाकडे बघा! पण माझ्या तोंडातून फक्त पीठ निघते.

सोमवारी अपेक्षाने रजा घेतली, मंगळवारी अभिनवने. बुधवारी पुन्हा अपेक्षाने. तिच्या साहेबांचे फोन येत होते. काम संपवायची तारीख जवळ आली होती.

"पाळणाघर बघू या का?" अभिनवने विचारले.

"मागे ठेवलं होतं तेव्हा सोनू खायचासुद्धा बंद झाला होता. आठवतंय ना?" अपेक्षा म्हणाली. "रजा संपल्या की मला सोडावी लागेल नोकरी. दुसरं काय?" मग तिची नजर माझ्यावर पडली. "चकल्या नकोतच यंदा. बेकरीतून केक आण. आणि हा मोडीत देऊन टाक. चकतीशिवाय काय करायचंय याचं?"

मोडीत म्हणजे पुन्हा भट्टीत, मित्रांनो. आणि समोर ते झाड माझी चकती डोक्यावर मिरवत, दिव्यांची उघडझाप करत उभे होते. त्याला तर जागेवरून हलायचेही कष्ट नव्हते. मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता.

त्या संध्याकाळी सोनू दारापाशी बसून राहिला. "ताई, मुक्ताआजी दार का नाही उघडत?"

रूथ गृहपाठातून वर न पाहता म्हणाली, "कारण आजीनं आपली चकलीची चकती घेतली. मग आईनं विचारलं. मग आजी रुसली."

"कुठली चकती?"

"अरे, ती. मधे चांदणी असते ती."

सोनूने खुर्ची ओढली, झाडाजवळ नेली, वर चढला आणि शेंडा धरून जोरात ओढला. झाड आडवे झाले. गोळे घरभर पळाले, माळ विझली. खरे सांगतो, ते पडले तेव्हा मला फार बरे वाटले. आईबाबा धावत येईपर्यंत सोनू चकती मुठीत घेऊन दाराबाहेर पोहोचला होता आणि समोरचे दार दोन्ही हातांनी बडवत होता.

दार उघडले. त्याने मूठ पुढे केली.

"आजी, तू नाही घेतलीस. मी घेतलीय. चांदणी मोडली ना, म्हणून मी घेतली. आता तू मला आत घे."

काकूंनी चंदेरी कागद सोलला. आत माझे पितळ चमकले. मग सोनूचा हात धरून त्या आमच्या दारात आल्या. अपेक्षा तिथेच उभी होती.

"हा तुमचा मुलगा, ही तुमची चकती. दोन्ही तपासून घ्या."

अपेक्षा म्हणाली, "काकू, मी घरात कुणालाच विचारलं नाही. सरळ तुमच्या दारात आले. चुकलं माझं."

"चुकलंच," काकू म्हणाल्या. "भाजणी उरलीय का?"

"नाही. तिची थालीपिठं लावली."

"चकलीच्या भाजणीची थालीपिठं! अगं, याच्यासाठी तरी मी अजून आठ दिवस रुसायला हवं होतं. थांब, माझ्याकडे आहे डबाभर. अभिनव, ते झाड उभं करा आधी, पाय अडकतोय."

'अगं' ऐकल्यावर अपेक्षा रडली. त्या संध्याकाळी चकल्या झाल्या. चकती माझ्या तोंडाशी बसली आणि मला पुन्हा मी असल्यासारखे वाटले. काकू मूठ फिरवत होत्या, सोनू त्यांच्या हातावर हात ठेवून मदत करत असल्याचे सांगत होता. काटे सुरेख सुटले.

मग रूथने पहिलीच चकली उचलली आणि झाडाच्या शेंड्यात अडकवली. "आता चांदणी झाली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चकली मी पाडलेली, टाळ्या झाडाला! दुसऱ्या दिवशी तिला मुंग्या लागल्या. मला वाईट वाटले असे मी म्हणणार नाही.

नाताळाच्या सकाळी काकूंचे ताट भरून परत गेले. सुट्टी संपली तेव्हा दोन्ही मुले रिक्षातून उतरून समोरच्या दारात शिरली आणि अपेक्षा खराडीला वेळेवर पोहोचली. मी मोडीत गेलो नाही. झाडही अजून आहे. दर डिसेंबरात ते उघडते आणि दर डिसेंबरात मी जळतो. हे काही जायचे नाही.

पण मित्रांनो, एक ऐका. आमच्यासारख्या वस्तू वापरून झाल्या की धुऊन, पुसून, आमचे सगळे भाग एकत्र ठेवा. आणि त्यातूनही एखादी वस्तू सापडेनाशी झाली, तर आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. सगळ्यात लहान माणसालाही विचारा, आणि तो खरे सांगू शकेल इतक्या शांतपणे विचारा. दुसऱ्याचे दार वाजवायला निघालातच, तर क्षणभर थांबून एवढेच आठवा, की त्या दारामागे आपली मुले रोज जेवतात का.