काचेखालची आकाशगंगा

बसा जरा, कुठे आग लागलीय? एका घड्याळजीची गोष्ट सांगतो. थाप वाटेल, पण ऐकून तर घ्या.

या घड्याळजीच्या टेबलावर एक आकाशगंगा होती. बशीएवढी. चार वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या भिंतीवरच्या घड्याळातून निघाली, आणि गिऱ्हाईक काही परत फिरकलं नाही. पण भारी कामसू. दिवसभर तारे पाडायची, निळेशार, खसखशीहून बारीक. घड्याळजीचे डोळे अधू झालेले. त्या निळ्या उजेडातच त्याला स्क्रू दिसायचा. ती विझली असती तर दुकानाला कुलूपच.

एका रविवारी त्याला वाटलं, मोजून बघू. तारे होतात वायूपासून, आणि ही बया ज्या वेगाने तो उडवत होती, त्या वेगाने गुरुवारी सगळा खडखडाट. त्यात एखादा तारा फुटला की आजूबाजूचा वायू फुस्सकन बशीबाहेर. उघड्या घड्याळाला जे करायचा तेच त्याने हिला केलं. वर काचेचं झाकण ठेवलं. दाराखालच्या फटीतही चिंध्या कोंबल्या.

सोमवारी उजेड पिवळा पडला, मंगळवारी तांबूस. बुधवारी त्याने स्क्रू समजून मुंगीला स्क्रूड्रायव्हर लावला. मुंगी तरातरा निघून गेली.

बायको जेवायला बोलवायला आली तर हा तोंड पाडून बसलेला. वायू आतच आहे, म्हणाला, पण नुसता तापलाय, नवा तारा धरत नाही. निळे अल्पायुषी, ते गेले, आता म्हातारे लालच उरलेत. बायकोने विचारलं, गुरुवारी संपणार होता तो वायू चार वर्षं पुरला कसा?

"अहो, घरातले डबे कायम भरलेले असतात. कोण भरतं, कधी बघितलंत? हिलाही बाहेरून येत असणार. तुम्ही दारच बुजवून बसलात."

तिने चिंध्या ओढल्या, झाकण उचललं. फटीतून काहीतरी गार, विरळ सरपटत आलं, टेबलाच्या पायावरून चढलं आणि बशीत उतरलं. संध्याकाळी एक निळा ठिपका उमटला. गुरुवार आला तसा गेला.

पण फट उघडी म्हणजे धूळ आत, आणि या माणसाचं जन्मभर धुळीशी वैर. त्याने फटीकडे पाहिलं, ठिपक्याकडे पाहिलं, आणि चिंध्या केरात टाकल्या.

तेव्हा त्याच्याकडून आणलेलं तुमचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं तर भांडायला जाऊ नका. आणि गेलातच, तर निघताना दार पुरतं लावू नका. बोटभर फट राहू द्या.