आईला जमेल

दर्शनाने डोसा पुन्हा जाळला. पडद्यावरचं गिऱ्हाईक तोंड लाल करून उठलं, तव्यातून काळा धूर निघाला आणि रांगेतला पुढचा माणूसही त्याच्यामागे चालता झाला.

"मर मेल्या," ती पुटपुटली. घरी तिचा डोसा जन्मात तव्याला चिकटला नव्हता, आणि इथे माउस हलवून एक धड उलटता येईना.

"काकू, वेळ झाली," समोरच्या टेबलावरून समृद्धी म्हणाली. "जिंकायचं नाहीये आपल्याला. टॅग लावा आणि सोडा."

वागळे इस्टेटमधल्या त्या ऑफिसात रोज नवे गेम यायचे. एक उघडायचा, थोडा खेळायचा, त्याचा प्रकार ठरवायचा. कोडं, शर्यत, मारामारी, शेती, स्वयंपाक. मग टॅग लावायचे: शांत, घाईचा, एकट्याने, दोघांनी. लोक साइटवर येऊन तेच शब्द टाकून गेम शोधायचे. दर्शना आधी कल्याणला एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला तेव्हा बाळकुमला त्यांच्याच सोसायटीत राहणाऱ्या समृद्धीने विचारलं होतं, काकू, मराठी टॅग लावायला कुणीतरी हवंय, येता का? दर्शनाला वाटलं, कपड्यांचं दुकान असेल.

मुलाला, सुशांतला, तिने हे सांगितलंच नव्हतं. डेटा एन्ट्रीचं काम आहे म्हणाली होती. गेम म्हटलं असतं तर तो हसून लोळला असता, कारण त्याच्या दहावीच्या वर्षी कॉम्प्युटरची वायर कपाटात ठेवून कुलूप लावणारी बाई हीच. सुशांत आता डब्लिनला होता. दर रविवारी न चुकता फोन करायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, आणि मग "बाकी काय?" हे "बाकी काय" आलं की समजायचं, फोन ठेवायची वेळ झाली. बाकी पुष्कळ असायचं, पण ते कुठून सुरू करायचं हेच तिला सुचायचं नाही. नवरा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं म्हणून नव्हे, तिला सुशांतच हवा होता. काही न बोलता शेजारी बसून, तिच्याच ताटातला पापड मोडून खाणारा सुशांत.

तिने डोशाच्या गेमला "स्वयंपाक" आणि "घाईचा" असे टॅग लावले. मग लोकांनी सुचवलेले टॅग उघडले. खेळणाऱ्यांनाही टॅग लिहायची मुभा होती, आणि त्यातला कचरा काढायचं काम दर्शनाचं. "बोअर", "पकाऊ", "बॉस आला". ती एकेक उडवत गेली. शेवटी एक होता: "आईला जमणार नाही."

तिला इतकं हसू आलं की समृद्धीने मान वर करून बघितलं. खरंच की! आईला कुठे जमलं?

मग तिने सहज शोधून पाहिलं, तर दुसऱ्या गेमांवर "आईला जमेल" असंही होतं. रांगोळीचे ठिपके जोडायचा गेम, कॅरम, कुंड्यांना पाणी घालायचा, शंख-शिंपले वेगळे करायचा. कुठेही पळापळ नाही, बंदूक नाही. लिहिणाऱ्याचं नाव तिथे दिसत नसे.

"जमेल गं तुला, घाबरतेस काय!" मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवताना सुशांत असंच म्हणायचा. रिक्षा बोलवायला शिकवतानाही तेच. दर्शनाने माउसवरचा हात काढून घेतला आणि चष्मा पुसला. नियमाने ते टॅग काढायला हवे होते. तिने काढले नाहीत.

त्यानंतर तिचे दिवस बदलले. डबा खाऊन झाला की इतर मुली टपरीवर चहाला जायच्या आणि दर्शना "आईला जमेल" शोधून बसायची. दोन-चार दिवसांनी एखादा नवा गेम त्यात आलेला असायचा. तो लेकाने आपल्यासाठी काढून ठेवलाय, अशा थाटात ती तो खेळायची. सांगत का नाही मग? संकोचत असेल. बापावर गेलाय, मनातलं ओठावर येईल तर शपथ. आणि मी इथे काम करते हे त्याला कळलं कसं? समृद्धी कुठे काही लिहीत असते, फोटो टाकत असते, त्यातून कळलं असेल. आईच्या मनाला पुरावा जमवायला कितीसा वेळ लागतो!

रविवारी तिने विचारलं, "तू गेम खेळतोस का रे हल्ली?"

"छे गं! वेळ कुठाय? का?"

"सहज."

"गोळ्या घेतल्यास?" आणि मग, "बाकी काय?"

लपवतोय, असं दर्शनाने ठरवून टाकलं आणि त्या रात्री छान झोपली.

सोमवारी समृद्धी खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसली.

"काकू, हा आईचा टॅग तुम्ही सगळीकडे ठेवलाय? मला वरून विचारलं."

"राहू दे ना गं. कुणाचं काय जातंय?"

"काकू, तुम्ही पण ना! आपण गेमबद्दल लिहितो, खेळणाऱ्याबद्दल नाही. उद्या कोणी लिहील मामाला जमेल, मग काय करायचं?"

ती बोलता बोलताच बटण दाबून मोकळी झाली. सगळे एका फटक्यात गेले. दर्शना "बरं" म्हणाली आणि पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने उठली. कूलरपाशी बराच वेळ उभी राहिली. तिला रडायला येत होतं, आणि ऑफिसातल्या पोरींसमोर एका टॅगसाठी रडायचं म्हणजे हसं करून घेणं.

गुरुवारी दुपारी समृद्धीने फोनवर हात ठेवून तिला हाक मारली. "काकू, तुम्हीच घ्या हा कॉल. माझं काही ऐकूनच घेत नाहीये, नुसती भांडतेय."

दर्शनाने फोन कानाला लावला.

"मॅडम, आईला जमेल लिहिलेले सगळे गेम कुठे गेले?" पलीकडे एक मुलगी तावातावाने बोलत होती. "मी कल्पिता बोलतेय, मोहन्यावरून. ते मी लावलेले. कोणी सांगितलेलं तुम्हाला काढायला?"

"तुम्ही लावलेले?" दर्शना म्हणाली. "तुम्हीच?"

"मग कोण? माझ्या आईला अर्धांगवायू झालाय. उजवा हात उचलतच नाही. डॉक्टर बोलले, डाव्या हाताने काहीतरी करत राहू द्या. मी कामावर जाते, ती दिवसभर एकटी. म्हणून मी आधी स्वतः डाव्या हाताने खेळून बघते आणि जमण्यासारखा असला की टॅग लावते. तिला शोधायला सोपं पडतं. सोमवारी संध्याकाळी घरी आले तर ही मोबाइल धरून रडत बसलेली. तिला वाटलं, तिनेच काहीतरी चुकीचं दाबलं."

सुशांत नव्हता. कधीच नव्हता. आणि त्याच क्षणी तिला मोहन्याच्या त्या बाईचा हेवा वाटला. दिवसभर एकट्या पडलेल्या, एक हात गेलेल्या बाईचा हेवा! तिची तिलाच लाज वाटली, पण हेवा काही हटला नाही.

"हॅलो? मॅडम?"

"आहे मी. आईंना कुठला आवडतो सगळ्यांत?"

मुलीचा आवाज खाली आला. हा प्रश्न तिला अपेक्षित नसावा. "कॅरम. हरली की मलाच ओरडते. तू मुद्दाम अवघड लावून ठेवलास म्हणते."

"त्यांना सांगा, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. आमच्याकडून गेलंय. संध्याकाळपर्यंत देते सगळे परत."

"पण कुठले कुठले होते ते तुम्हाला कसं कळणार?"

"मी खेळलेय ते सगळे," दर्शना म्हणाली.

फोन ठेवून तिने समृद्धीला त्या आईच्या उजव्या हाताचं सांगितलं. "एका हाताने, असा टॅग चालेल का? तो तर गेमबद्दल झाला ना?"

समृद्धीने जरा विचार केला. "चालेल," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "सॉरी, काकू. मला काय माहीत."

दर्शनाने उजवा हात पदराखाली घेतला, माउस डावीकडे ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रांगोळी, कुंड्या, शंख-शिंपले. डाव्या हाताने ठिपके जोडायला भारी त्रास होत होता. कल्पिताने हे रोज केलं होतं, थकून घरी आल्यावर, आईच्या हातात काय बसेल ते स्वतःच्या हातावर बघून. आईला जवळून पाहणाऱ्या पोरीलाच हे ठाऊक असणार. सुशांतला कुठून असेल? त्याला ठाऊक आहे ती तो डब्लिनला गेला तेव्हाची मी, मोबाइलवरून रिक्षा बोलवायलाही घाबरणारी. आणि मला तरी त्याचं काय ठाऊक आहे? काम संपल्यावर तो थकलेला असतो की नुसता कंटाळलेला, तेही मला सांगता येणार नाही. मी आपली वाट बघत बसले होते, त्याने माझ्यासाठी काही निवडावं म्हणून.

संध्याकाळी निघताना तिने समृद्धीला थांबवलं आणि "दोघांनी" टॅग असलेला एक गेम तिच्याबरोबर शेवटपर्यंत खेळून घेतला. काळोख पडलेल्या एका घरात दोन छोटी माणसं. एकाने कंदील धरायचा, दुसऱ्याने दारं उघडायची. एकट्याला एक पाऊल पुढे जाता येत नाही. शेवटच्या खोलीत रांजणामागे एक कळ असते. दोघांनी मिळून ती दाबली की घरभर उजेड पडतो आणि खेळ संपतो.

रविवारी फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवले. गोळ्या घेतल्या. तुला एक गेम पाठवलाय, उघड."

"काय पाठवलंय?"

"गेम. दोघांनी खेळायचा. ऑफिसात हेच करते मी, गेम खेळते आणि टॅग लावते. डेटा एन्ट्री वगैरे काही नाही."

पलीकडे सुशांत जो हसत सुटला, तो थांबेचना. "आई, तू? आणि माझी वायर कपाटात..."

"गप. समोर बघ. उघडलं का?"

"थांब गं, उघडतोय. पण दहाच मिनिटं हं. मग जरा काम आहे."

"दहा मिनिटांचाच आहे."

दुसरं छोटं माणूस पडद्यावर आलं आणि भिंतीवर जाऊन आपटलं. मग वळून पुन्हा तिथेच आपटलं. दर्शनाने कंदील वर धरला.

"डावीकडे ये. डावी, सुशांत! जेवतोस त्या हाताकडे नाही."

"आलो, आलो. ओरडू नकोस गं. हे दार उघडू?"

"उघड."

एकेक खोली मागे पडत गेली. तो मध्येच म्हणाला, इथे आज सकाळपासून एका शब्दाने कुणाशी बोललेलो नाही, रविवारी असंच असतं. त्याने ते सहज सांगितलं. दर्शनाने "हं" केलं. तिचा कंदील तेवढा त्याच्या जरा जवळ सरकला.

शेवटची खोली आली. कोपऱ्यात तो रांजण होता.

"इथे तर दारच नाहीये," सुशांत म्हणाला. "आई, आता काय करायचं?"

दर्शनाने आपलं छोटं माणूस रांजणापासून दूर नेलं, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला.

"मला पण नाही रे माहीत," ती म्हणाली. "बघू या शोधून."