उजव्या बाजूचा खडा

समोरच्या गाळ्यापुढे रांग लागली होती आणि माझ्या दवाखान्यातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लेझरने मुतखडे फोडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण माझ्यासाठी कुणी कधी पायरीवर ताटकळलं नव्हतं. प्रकाशाच्या झोताने खडे काढतो म्हणणाऱ्या त्या गाळ्यातल्या झोतबाबासाठी मात्र माणसं उन्हात उभी होती. माझा नुसता जळफळाट होत होता.

आतून टण्कन आवाज आला की रांगेत कुजबुज व्हायची. निघाला! आणखी एकाचा निघाला!

एके दिवशी त्या गाळ्यातून माझी सख्खी ताईच बाहेर आली. तिचा खडा मूत्रनळीत अडकलेला मी सोनोग्राफीत पाहिला होता. लघवी तुंबून किडनी फुगत होती. आणखी उशीर झाला असता तर ती निकामीच झाली असती. ताईने मात्र पुडी उघडून काळा खडा दाखवला.

"निघाला की! आणि तू मला भूल देणार होतास."

"मग अंगात ताप कसला?"

"बाबा म्हणाले, उष्णता बाहेर पडतेय. तुला हेवा वाटतोय त्यांचा, दुसरं काही नाही."

"वाटतोय! बहीण माझी आणि विश्वास त्याच्यावर!"

"मग एकदा झोप त्यांच्यापुढे. नंतर बोल."

ताईला घेऊन गेलो आणि झोपलो. गळ्यात स्टेथोस्कोप नसला की मला कोण ओळखतं?

"कोणती बाजू, भक्ता?"

"उजवी."

बाबाने ताटलीतला ओल्या कापसाचा बोळा माझ्या पोटावर ठेवला. व्याख्याते पडद्यावर लाल ठिपका पाडतात तसली कांडी त्यावर फिरवली.

"हे लेझर! चिरा नाही, रक्त नाही, भूल नाही! उजव्या किडनीच्या तळाशी दडलाय लबाड. ये, प्रकाशाला शरण ये!"

त्याने बोळा पिळला. वाटीत टण्कन खडा पडला. सगळ्यांनी हात जोडले, ताईने नाही.

"कुठली किडनी म्हणालात?"

"उजवी, माई."

"अहो, ती यानं आमच्या अण्णांना दिलीय! ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर बसले होते. याला उजवी किडनीच नाही!"

सदरा आणखी वर करून मी बरगडीखालचा जुना व्रण दाखवला. मग ताटलीतले उरलेले बोळे एकेक करून पिळले. प्रत्येकातून खडा निघाला, माशांच्या काचपेटीत तळाला टाकतात तसला. बाबा मागच्या दाराने सटकला.

ताईची तुंबलेली लघवी आधी मोकळी केली आणि ताप उतरल्यावर लेझर लावला. लघवीच्या वाटेने बारीक तंतू आत गेला, खड्याचा भुगा झाला, किडनी वाचली.

"काहीच वाजलं नाही?" शुद्धीवर येताच ताईने विचारलं. तिचा चेहरा चक्क पडला होता.

तो टण् आवाज मला कधीच काढता येणार नाही आणि त्याचा हेवा मला आजही वाटतो. पण तुम्ही एवढं करा. कुणी हातावर खडा ठेवला तर हात जोडण्याआधी पोटाची तपासणी करून घ्या. आत खडा होता का आणि तो गेला का, ते तिथेच कळतं.